तीन जागा, एक डेटाबेस: शिरोलीच्या एका फाउंड्रीत फाइली कुठे ठेवायच्या हे कसं ठरलं

कोल्हापुरातल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीचं हे प्रकरण. ग्रे आयर्न आणि एस. जी. आयर्न या दोन प्रकारच्या बिडाचं ओतकाम शिरोली एमआयडीसीत होतं. मशीन शॉप गोकुळ शिरगावला आहे. ऑर्डरी, बिलं, हिशेब आणि ग्राहकांशी पत्रव्यवहार शाहूपुरीतल्या जुन्या ऑफिसातून चालतो. तिन्ही ठिकाणची माणसं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये बनवलेलं एकच ॲप्लिकेशन वापरतात. ते इथल्याच एका प्रोग्रामरने बरीच वर्षं आधी लिहिलेलं आहे आणि कामाला चोख आहे.

धाकट्या मालकांनी माझ्यापुढे दोन कोटेशनं ठेवली. एक नॅसचं, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कवर बसणाऱ्या सामायिक डिस्कच्या पेटीचं, आणि एक क्लाउड ड्राइव्हचं. "यातलं कुठलं घ्यायचं तेवढं सांगा सर. स्वस्तातलं नको, पण माझं सर्टिफिकेट गाडीबरोबर गेलं पाहिजे बघा."

कोणतं स्टोरेज चांगलं हे मला त्यातून नवीन कळलं नाही. सर्टिफिकेट गाडीबरोबर गेलं पाहिजे, हे मात्र मी टिपून ठेवलं. पुढचे बहुतेक निर्णय त्यावरूनच झाले.

ॲप्लिकेशनात काय होतं

भट्टीतून ओतलेल्या प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूला, नंबर असतो. त्या नंबरापुढे स्पेक्ट्रोवरचं (धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावरचं) कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचं प्रमाण येतं, ब्रिनेल हार्डनेस येतो, टेस्ट बारची ताणशक्ती येते. ग्राहकाने आयएस २१० या भारतीय मानकातला एफजी २६० ग्रेड मागितला असेल, तर टेस्ट बारची ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर किमान २६० न्यूटन भरली पाहिजे. हे सगळं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटवर छापून मालाबरोबर जातं. हीट नंबर कास्टिंगवरही उठवलेला असतो. उद्या ग्राहकाकडे एखादा भाग तडकला, तर त्या नंबरावरून हीट, त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, कुठल्या गाडीतून किती नग गेले, सगळं काढून दाखवावं लागतं.

नोंदी ॲक्सेसच्या फाइलीत होत्या. स्पेक्ट्रोचे प्रिंटआउट, सह्या झालेली सर्टिफिकेटं, ग्राहकाची मंजुरीपत्रं, पॅटर्नचे फोटो, ड्रॉइंगं हे कागद शेजारच्या फोल्डरमध्ये होते. नोंदीत प्रत्येक कागदाचा पत्ता झेड ड्राइव्हपासून, म्हणजे सामायिक फोल्डरला दिलेल्या अक्षरापासून, पुढे पूर्ण लिहिलेला असायचा.

आधी ही फाइल शिरोलीच्या लॅबजवळच्या एका पीसीवर होती आणि बाकीच्या दोन ठिकाणची माणसं व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी वाटेने, ती उघडायची. ती इतकी सावकाश उघडे की शाहूपुरीच्या अकाउंटंट ताई सकाळी आल्या आल्या फाइल उघडायला लावायच्या आणि मग देवाला उदबत्ती लावायच्या. यावर कुणीतरी उपाय काढला, की डेटाबेससकट सगळं फोल्डर आपोआप सिंक होणाऱ्या ड्राइव्हमध्ये टाकायचं. दुसऱ्या दिवसापासून फाइल झटक्यात उघडू लागली. सगळे खूश झाले. खरी पडझड तिथून सुरू झाली.

सिंक ड्राइव्हने काय केलं

सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरला डेटाबेस म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याच्या लेखी ती एक फाइल असते आणि बदलली की वर चढवायची असते. शिरोलीत डिस्पॅचचे मामा आणि गोकुळ शिरगावात मशीन शॉपचा सुपरवायझर एकाच वेळी काम करायला बसले, की दोघांच्या पीसीवर दोन स्वतंत्र प्रती उघडलेल्या असतात. दोघांनाही वाटतं, आपण एकाच डेटाबेसमध्ये लिहितोय. संध्याकाळी सॉफ्टवेअरच्या लक्षात येतं की फाइल दोन्हीकडे बदलली आहे. ते एक प्रत ठेवतं आणि दुसरीच्या नावाला पीसीचं नाव जोडून ती बाजूला टाकतं. त्या दुसऱ्या प्रतीतल्या नोंदी फोल्डरमध्ये शाबूत असतात, ॲप्लिकेशनला मात्र त्या दिसत नाहीत.

ऑटोनंबरने त्यावर कळस केला. ॲक्सेस पुढचा नंबर हातातल्या फाइलीतला शेवटचा नंबर बघून देतो. प्रती दोन असतील तर दोघींतही पुढचा नंबर तोच निघतो. शिरोलीहून गोकुळ शिरगावला माल डिलिव्हरी चलनावर जातो आणि जीएसटीच्या नियमांप्रमाणे चलनांना ओळीने क्रमांक द्यावे लागतात. इथे एकाच क्रमांकाची दोन चलनं फिरत होती. नंतर एक गाडी गेटवर भरून उभी राहिली आणि तिच्यातल्या हीटची नोंदच मामांच्या पडद्यावर येईना. लॅबने ती सकाळीच भरली होती, पण दुसऱ्या प्रतीत.

फाइल व्हीपीएनवर का रखडत होती

हा भाग सविस्तर लिहितो, कारण नॅस घ्या, क्लाउड घ्या किंवा लाइनचा स्पीड वाढवा, तिन्ही सल्ले इथेच निकामी होतात.

ॲक्सेसमध्ये सर्व्हर नावाची गोष्ट नसते. शोधणारं, मोजणारं, एकाच्या हातातली नोंद त्याच वेळी दुसऱ्याला बदलू न देणारं कुलूप लावणारं इंजिन प्रत्येकाच्या पीसीवर असतं. ज्या मशिनवर फाइल ठेवली आहे ते फक्त मागतील तसे बाइट देतं. फाइल ४ किलोबाइटच्या पानांची बनलेली असते. एखादी हीट शोधायची तर इंजिन इंडेक्सचं (शोधसूचीचं) एक पान मागवतं, ते वाचून पुढचं मागवतं, मग नोंदीचं पान, मग कुलुपाची विचारणा. शाहूपुरीत बसून शिरोलीतल्या रजिस्टरचं एकेक पान आणायला दर वेळी स्कूटरवर माणूस धाडावा, तसा हा प्रकार आहे.

आता हिशेब करू. एका फॉर्मसाठी अशा ३,००० फेऱ्या लागतात असं धरा. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते, म्हणजे फॉर्म दीड सेकंदात उघडतो. व्हीपीएनवर एका फेरीला २० मिलिसेकंद लागले, तर त्याच फॉर्मला पूर्ण एक मिनिट. लाइन ५० एमबीपीएसची आहे की ३०० ची, याने त्या मिनिटात काही फरक पडत नाही, कारण खर्च बाइटांवर होत नाही, जाण्यायेण्यावर होतो. शाहूपुरी आणि शिरोलीमध्ये अंतर दहा किलोमीटरच्या आतबाहेरचं, पण दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपन्यांची लाइन असेल तर पॅकेट बहुधा पुणे-मुंबईला वळसा घालून येतं.

दुसरा धोका जास्त मोठा. पान लिहिलं जात असताना लाइन तुटली तर फाइल अर्धवट लिहिलेली राहते आणि पुढच्या माणसाला डेटाबेस ओळखता येत नाही असा निरोप मिळतो. मग ॲक्सेसची दुरुस्तीची सोय, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर. बहुतेक वेळा फाइल सुधारते, पण ती सुधारताना काय गळालं हे ती सांगत नाही.

म्हणून नॅसवाल्या कोटेशनवर मी पहिल्यांदा हे लिहिलं: तिन्ही ऑफिसांत एकेक नॅस बसवून त्यांना आपापसात प्रती काढायला लावलं तरी सिंक ड्राइव्हसारखंच होईल. शिरोलीच्या नॅसवर लागलेलं कुलूप गोकुळ शिरगावच्या नॅसला दिसत नाही. विंडोज सर्व्हरमधलं, फोल्डरच्या प्रती काढणारं डीएफएस रेप्लिकेशनही असंच वागतं, शेवटी लिहिणाऱ्याचं राहतं आणि आधीच्याचं जातं. क्लाउडवरच्या फाइल शेअरला कुलूप खरं असतं, पण अंतर आणखी वाढतं. शिवाय असे शेअर पोर्ट ४४५ (नेटवर्कवरचं ठरलेलं दार) वापरतात, आणि २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, त्याच वाटेने पसरलं असल्यामुळे बरेच इंटरनेट पुरवठादार ते पोर्ट बंद ठेवतात.

रिमोट डेस्कटॉपचा मार्ग मात्र खरोखर चांगला होता. फाइल आणि ॲक्सेस दोन्ही शिरोलीतल्या एकाच मशिनवर राहतात आणि लांबच्या माणसाकडे फक्त पडदा जातो. लाइन तुटली तर पडदा जातो, फाइल सुरक्षित राहते. आम्ही लगेच तेच केलं. डेटाबेसची फाइल सिंक ड्राइव्हमधून काढली आणि बाहेरच्या दोन्ही ऑफिसांना व्हीपीएनच्या आतून रिमोट डेस्कटॉप दिला. त्याचं पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवायचं नाही ही अट घातली. घाईत आलेल्या कुणाही अशा धंद्याला मी आजही पहिल्या आठवड्यात हेच करायला सांगेन. कायमचा मुक्काम तिथे केला नाही, कारण प्रत्येक वापरणाऱ्यामागे लायसन्स लागतं, गोकुळ शिरगावच्या स्कॅनरवरचे कागद शिरोलीच्या पडद्यात नेताना रोज कटकट होती, आणि ॲक्सेसच्या फाइलीची २ गिगाबाइटची मर्यादा फार दूर राहिली नव्हती.

नोंदी आणि कागद वेगळे केले

दोन्ही कोटेशनांत एक गृहीत होतं, की डेटाबेस आणि कागद एकाच जागी राहणार. मला तेच मान्य नव्हतं. नोंद दिवसभर बदलते, चार जण एकाच वेळी तिला हात लावतात, तिला कुलूप लागतं. स्पेक्ट्रो रिपोर्ट एकदा निघाला की तो कधीच बदलत नाही, बदलला तर उलट गुन्हा आहे. ज्याला कुलूप लागतं त्याला एकच घर हवं. जे बदलत नाही त्याच्या हव्या तेवढ्या प्रती हव्या तिथे ठेवता येतात.

नोंदी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या डेटाबेस सर्व्हरमध्ये नेल्या. तो फुकट आहे आणि २०२५ च्या आवृत्तीआधी एका डेटाबेसला १० गिगाबाइटपर्यंत जागा द्यायचा. कागद बाहेर ठेवले तर नुसत्या नोंदींना ती कितीतरी वर्षं पुरेल. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरलाही पैसे पडत नाहीत आणि ही मर्यादाही नाही, आणि मला स्वतःला ते जास्त आवडतं. पण हे ॲप्लिकेशन सांभाळणारा प्रोग्रामर एसक्यूएल सर्व्हर जाणतो आणि फोन केला की तासाभरात शिरोलीला पोचतो. रात्रपाळीत काही अडलं तर त्याला बोलावलं जाणार, मला नाही. निवड त्याच्या हाताला बसणारी हवी होती.

ॲक्सेसचे फॉर्म जसेच्या तसे ठेवले. मामांना आणि ताईंना पडदा बदललेला जाणवलाही नाही. आत मात्र टेबलं ओडीबीसी या जोडणीने सर्व्हरला जोडली. हे काम वाटतं तितकं सरळ नसतं, म्हणून जिथे अडलं ते लिहून ठेवतो. प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) नसलेलं टेबल जोडल्यावर फक्त वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही. हो-नाही प्रकारच्या रकान्यात रिकामी जागा राहिली असेल तर नोंद साठवताना "दुसऱ्याने बदल केला आहे" अशी खोटी तक्रार येते. तीच तक्रार कार्बन-सिलिकॉनच्या दशांशांनीही दिली, कारण ते फ्लोट या दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात होते आणि दोन्ही बाजूंचं शेवटचं स्थान जुळत नव्हतं. ते रकाने डेसिमल (नेमके दशांश) केले, हो-नाहीला ठरावीक मूल्य दिलं आणि प्रत्येक टेबलात रोव्हर्जन (नोंद बदलली की आपोआप बदलणारा शिक्का) रकाना घातला. मग तक्रार थांबली. जिथे यादी मोठी होती तिथे चाळणी सर्व्हरवरच लागेल अशा पास-थ्रू क्वेरी लिहिल्या, नाहीतर सर्व्हर आणूनही पानं वाहण्याचाच धंदा चालू राहतो. चलन क्रमांक आता सर्व्हर देतो आणि एकच सर्व्हर असल्यामुळे तो दोनदा निघत नाही.

कागद डेटाबेसच्या आत घालावेत का, यावर बरीच चर्चा झाली. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या २००६ च्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की २५६ किलोबाइटपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या राहतात आणि १ मेगाबाइटपेक्षा मोठ्या फाइल सिस्टिममध्ये. आमचे स्कॅन आणि फोटो बहुतेक दुसऱ्या गटातले. एसक्यूएल सर्व्हरचं फाइलस्ट्रीम, म्हणजे कागद डिस्कवर फाइल म्हणून पण डेटाबेसच्या ताब्यात ठेवण्याची सोय, वापरलं असतं तर कागद १० गिगाबाइटच्या हिशेबात धरले गेले नसते आणि बॅकअपही नोंदींबरोबर एकत्र झाला असता. तरी मी नको म्हटलं. ॲप्लिकेशन बंद असतानाही लॅबमधल्या पोराला फोल्डर उघडून हीट नंबरावरून रिपोर्ट सापडला पाहिजे. ऑडिटर समोर बसलेला असताना याची किंमत कळते.

कागदांचे नियम थोडे आणि कडक आहेत. फाइलीचं नाव ॲप्लिकेशन देतं: वर्षाचं फोल्डर, हीट नंबर, कागदाचा प्रकार, आवृत्ती. "फायनल", "नवीन फायनल" असली नावं माणसाला देताच येत नाहीत. एकदा ठेवलेली फाइल पुन्हा लिहिता येत नाही, दुरुस्ती झाली तर पुढची आवृत्ती येते आणि जुनी तशीच राहते. फाइल आत घेतानाच तिचा एसएचए-२५६ हॅश (आतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून नोंदीत ठेवतो. कुठल्याही ऑफिसातली प्रत त्या हॅशशी जुळली की ती खरी, मग ती कुठून आली हे विचारायचं कारण नाही. नोंदीतून झेड ड्राइव्ह हद्दपार केला. तिथे फक्त वर्षापासून पुढचा पत्ता असतो आणि मूळ फोल्डर कुठे आहे हे प्रत्येक ऑफिसच्या सेटिंगमध्ये. पत्ते आखूड झाल्याने विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेत अडकलेली काही फोल्डरंही मोकळी झाली.

इथे नॅसचं कोटेशन कामाला आलं. तीनऐवजी दोन घेतली, शिरोलीला एक आणि गोकुळ शिरगावला एक. बदल न होणारे कागद त्यांच्यात आपापसात वाहतात, आणि नाव-हॅश ठरलेले असल्यामुळे भांडण होण्याजोगं काही उरत नाही. ड्रॉइंगं तेवढी वेगळी, कारण ती बदलतात. ती फक्त गोकुळ शिरगावातच बदलली जातात म्हणून मूळ फाइली तिथे ठेवल्या आणि बाकीच्यांना मंजूर झालेली पीडीएफ जाते.

सर्व्हर कुठे

शाहूपुरीच्या ऑफिसात एसी होता, लोकांचा वावर कमी होता आणि थोरल्या मालकांना सगळं नजरेसमोर हवं होतं. तरीही सर्व्हर शिरोलीला ठेवला. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै कोल्हापुरात कुणाला सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही महापुरांत पाणी याच्या खूप वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. फाउंड्री नदीच्या पलीकडे, शाहूपुरी आणि गोकुळ शिरगाव अलीकडे. रस्ता तुटतो तेव्हा लाइनचाही भरवसा राहत नाही.

अशा वेळी काय चालू राहिलं पाहिजे? मालकांचं वाक्य पुन्हा काढलं. सर्टिफिकेट गाडीबरोबर. गाडी शिरोलीतून सुटते, हीटची नोंद शिरोलीत होते, सर्टिफिकेट शिरोलीत छापलं जातं. सर्व्हर त्याच आवारात असेल तर बाहेरची सगळी लाइन गेली तरी गाडी अडत नाही. शाहूपुरीत बिलाची नोंद दोन तास उशिरा झाली तर चालतं, आणि हे मी अकाउंटंट ताईंना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, "आधी तिकडचं चालू दे, आम्ही मागनं भरतो."

फाउंड्रीत सर्व्हर ठेवण्याचे स्वतःचे प्रश्न असतात. तिथली काळी धूळ बारीक असते, तिच्यात लोखंड आणि ग्रॅफाइट असतं आणि ती वीज वाहते. सर्किटवर बसली की मशिन मरतं. इंडक्शन भट्टीमुळे व्होल्टेजही खालीवर होतं. म्हणून मशिन शेडपासून दूर, पहिल्या मजल्यावरच्या बंद खोलीत, स्वतंत्र यूपीएसवर ठेवलं. लॅबच्या टेबलाखाली ठेवायची सूचना आली होती. ती मी ऐकली नाही.

बॅकअपबद्दल मी या कामात सगळ्यात हट्टी होतो. नॅसमध्ये दोन डिस्कवर एकच माहिती असते ती डिस्क बिघडण्यापुरती. कुणी चुकून पुसलं किंवा रॅन्समवेअरने कुलूप घातलं, तर दोन्ही डिस्कवर ते एकाच क्षणी होतं. डेटाबेसचा पूर्ण बॅकअप रोज रात्री आणि लॉगचा (बदलांच्या नोंदवहीचा) बॅकअप दर १५ मिनिटांनी निघतो. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एसक्यूएल एजंट नसतो, म्हणून ही कामं विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावली. प्रत्येक बॅकअप गोकुळ शिरगावच्या नॅसवर जातो आणि तिथून ॲमेझॉन क्लाउडच्या मुंबई रीजनमधल्या ऑब्जेक्ट स्टोरेजवर. तिथे व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या राखणं) आणि ठरावीक मुदतीसाठी पुसण्याची बंदी लावली आहे, आणि ती मालकांच्या पासवर्डनेही उठत नाही. क्लाउडचं कोटेशन असं वापरात आलं, ड्राइव्ह म्हणून नाही, फक्त शेवटची प्रत ठेवण्यासाठी.

गोकुळ शिरगावात एक जुना पीसी एसक्यूएल सर्व्हर बसवून तयार ठेवला आहे. दर तिमाहीला प्रोग्रामर त्यावर बॅकअप उतरवतो, एका हीटचं सर्टिफिकेट छापतो आणि त्या कागदावर सुपरवायझर सही करतो. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही आणि मालकांनाही ठेवू दिला नाही.

जुन्या प्रतींचा निपटारा

सर्व्हरवर जाण्याआधी सिंक ड्राइव्हमधल्या सगळ्या बाजूला पडलेल्या प्रती एकत्र करायच्या होत्या. कुठली नोंद खरी हे फाइलीच्या तारखेवरून ठरवायला मी नकार दिला, कारण त्या तारखा सिंकच्या होत्या, कामाच्या नव्हत्या. निर्णय दोन गोष्टींवरून झाला. बाहेर गेलेल्या मालाचं ई-वे बिल होतं, कारण ते सरकारी पोर्टलवर बनतं आणि आमच्या फाइलीतल्या गोंधळाचा त्याला स्पर्श नाही. दुसरं, डिस्पॅचच्या मामांचं हाताने लिहिलेलं गेट रजिस्टर. कॉम्प्युटर आल्यापासून ते बंद करा असं त्यांना अनेकदा सांगितलं गेलं होतं. "असू दे की ओ, काय खातंय व्हय ते," म्हणत त्यांनी ते चालू ठेवलं. सुट्टीच्या दिवशी मामा रजिस्टर वाचत गेले, लॅबमधला पोरगा पडद्यावर टिकमार्क करत गेला आणि दोनदा निघालेल्या चलनांची यादी संध्याकाळपर्यंत अकाउंटंट ताईंच्या हातात पडली. गेट रजिस्टर अजून चालू आहे आणि ते बंद करायची शिफारस माझ्या अहवालात नाही.

काही गाठी सुटायच्या आहेत. पॅटर्नचे फोटो अजूनही आधी कुणाच्या तरी मोबाइलवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतात, तिथे ते बारीक होतात आणि मग आत येतात. शॉप फ्लोअरवरूनच थेट आत घेण्याची सोय प्रोग्रामर बनवतो आहे. जुन्या नोंदींपैकी ज्यांचा झेड ड्राइव्हवरचा पत्ता कुठल्याच फाइलीला जुळला नाही, त्यांच्यापुढे ॲप्लिकेशन आता "मूळ कागद पाहावा" असा लाल शेरा दाखवतं. लॅब त्या हीटचे कागद कपाटातून काढून, स्कॅन करून, हॅशसकट आत घेते आहे. आधी एस. जी. आयर्नच्या हीट घेतल्या आहेत, कारण त्यांचे भाग सुरक्षेच्या जागी बसतात आणि ग्राहकाचा प्रश्न आला तर तो त्यांच्याबद्दल पहिल्यांदा येईल.